चाळीस सेकंदांत हरलेला हंगाम : डेन्व्हर ब्रॉन्कोस, 2022

12 सप्टेंबर 2022, सोमवारची रात्र, सिअ‍ॅटल. हंगामातला पहिलाच सामना आणि त्यातलं शेवटचं मिनिट. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला संघ डेन्व्हर ब्रॉन्कोस 16-17 असा एका गुणाने मागे आहे. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्या प्रयत्नात) छोटा पास पकडला गेला, नऊ यार्ड मिळाले आणि चेंडू सिअ‍ॅटलच्या 46 यार्डांच्या रेषेवर थांबला. आता चौथा डाउन आहे आणि पाच यार्ड हवेत. तीनही टाइम-आउट शिल्लक आहेत. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, आहे रसेल विल्सन. डेन्व्हरने त्याला याच सिअ‍ॅटलकडून घेतलं होतं आणि अकराच दिवसांपूर्वी त्याच्याशी सुमारे 24.5 कोटी डॉलरचा करार केला होता.

घड्याळात साधारण एक मिनिट उरलं होतं. टाइम-आउट कुणी घेतला नाही. विल्सन बाजूच्या रेषेकडे बघत उभा राहिला आणि सेकंद सरत गेले. 20 सेकंद उरल्यावर अखेर टाइम-आउट घेतला गेला. विल्सन मैदानाबाहेर आला आणि किकर ब्रँडन मॅकमॅनस 64 यार्डांच्या फील्ड गोलसाठी, म्हणजे खांबांमधून चेंडू मारून तीन गुण मिळवायला, आत गेला. चेंडू डाव्या खांबाबाहेरून गेला आणि सामना हातचा गेला.

हा 64 आकडा कसा येतो? चेंडू 46 यार्डांच्या रेषेवर, त्यामागे गोलरेषेपलीकडच्या एंड झोनचे 10 यार्ड, आणि किक मारण्यासाठी चेंडू रेषेपासून आठेक यार्ड मागे धरतात. तोवरच्या एनएफएलच्या इतिहासात 64 किंवा त्याहून लांबचा फील्ड गोल दोनच वेळा झाला होता. मॅट प्रेटरने 2013 मध्ये डेन्व्हरच्या विरळ हवेत 64 यार्डांचा मारला आणि जस्टिन टकरने 2021 मध्ये डेट्रॉइटच्या बंदिस्त मैदानात 66 यार्डांचा. सिअ‍ॅटल समुद्रसपाटीला आहे आणि मैदान उघडं आहे. याउलट चौथ्या डाउनला पाच यार्ड मिळण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. ते मिळाले असते, तर तीन टाइम-आउट आणि मिनिटभर वेळ हाताशी होता, आणि वीसेक यार्ड पुढे जाऊन नेहमीच्या टप्प्यातून किक मारता आली असती.

मुख्य प्रशिक्षक नथॅनिएल हॅकेट यांनी हा निर्णय घाबरून घेतलेला नव्हता. सामन्याआधीच ठरलं होतं, की या दिशेला 46 यार्डांची रेषा गाठली तर मॅकमॅनसला पाठवायचं. चेंडू नेमका तिथेच थांबला आणि ठरलेलं अमलात आलं. दुखणं तिथेच आहे. अशी खूण किकरची कमाल पोच सांगते, म्हणजे दुसरा कुठलाच मार्ग नसेल तेव्हाची गोष्ट. इथे मार्ग होता, वेळ होता, टाइम-आउट होते. परिस्थिती बदलली आहे हे त्या चाळीस सेकंदांत मुख्य प्रशिक्षकाच्या कानात सांगायचं एवढंच ज्याचं काम, असा माणूसच हेडसेटवर नव्हता. दुसऱ्या दिवशी हॅकेट यांनी चूक मान्य केली.

त्या सामन्यात डेन्व्हरने 433 यार्ड काढले होते, सिअ‍ॅटलने 253. एवढ्या फरकाने मागे पडलेला संघ सहसा हरतो. पण डेन्व्हरचे दोन धावपटू, मेल्विन गॉर्डन आणि जॅव्हॉन्टे विल्यम्स, गोलरेषेपासून एका यार्डावर चेंडू गमावून बसले. शिवाय 12 पेनल्टींमध्ये 106 यार्ड गेले. पुढच्या चार महिन्यांत जे काही बिघडलं त्याचा नमुना या एका संध्याकाळी बघायला मिळतो. खेळाडूंमध्ये दम आहे, चेंडू पुढे सरकतो आहे, पण नेमक्या क्षणी कोणी काय ठरवायचं याची घडी बसलेली नाही.

निर्णयांचा क्रम

ब्रॉन्कोस 2015 च्या हंगामात सुपर बोल 50, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले, क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग निवृत्त झाला आणि त्यानंतरचे सहा हंगाम संघाला प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, दिसलाच नाही. दरवर्षी नवा क्वार्टरबॅक, आणि कोणीच टिकत नाही. 2021 चा हंगाम 7-10 (सात विजय, दहा पराभव) असा संपल्यावर प्रशिक्षक विक फँजिओ गेले. त्यानंतरच्या घटना तारखांनिशी बघायला हव्यात, कारण हंगामाचा पाया त्या क्रमातच कच्चा राहिला.

27 जानेवारीला हॅकेट यांची नेमणूक झाली. ग्रीन बेमध्ये ते आक्रमणाचे समन्वयक होते, पण तिथे प्रत्यक्ष सामन्यात खेळी पुकारण्याचं काम मुख्य प्रशिक्षक मॅट लाफ्लूर करत. हॅकेट यांनी आधी बफेलो आणि जॅक्सनव्हिलमध्ये खेळी पुकारल्या होत्या, मात्र मुख्य प्रशिक्षक म्हणून कधीच नाही. डेन्व्हरमध्ये दोन्ही कामं त्यांनी स्वतःकडे घेतली.

8 मार्चला विल्सनचा सौदा जुळला. डेन्व्हरने दिलं काय? क्वार्टरबॅक ड्रू लॉक, टाइट एंड (बचाव अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) नोआ फँट, बचाव फळीतला शेल्बी हॅरिस, 2022 च्या ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या फेरीची निवड, आणि 2023 मधली पहिल्या व दुसऱ्या फेरीची निवड. बदल्यात विल्सन आणि चौथ्या फेरीची एक निवड. म्हणजे सलग दोन वर्षं पहिल्या फेरीत डेन्व्हरच्या हाती काही उरलं नाही.

9 ऑगस्टला वॉल्टन-पेनर गटाच्या मालकीवर शिक्कामोर्तब झालं, किंमत 465 कोटी डॉलर. 1 सप्टेंबरला विल्सनचा करार पाच वर्षांनी वाढवला, त्यात सुमारे 16.5 कोटी डॉलरची हमी. आणि 12 सप्टेंबरला पहिला सामना.

प्रशिक्षक आला तेव्हा क्वार्टरबॅक ठरलेला नव्हता. क्वार्टरबॅक आला तेव्हा मालक ठरलेले नव्हते. मालक आले आणि तीन आठवड्यांत, एकही सामना न बघता, संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार झाला. विल्सनच्या जुन्या कराराची दोन वर्षं अजून बाकी होती, त्यामुळे घाई करण्याचं काहीच कारण नव्हतं. हंगामभर थांबलं असतं तर फार तर पुढच्या वर्षी थोडे जास्त पैसे मोजावे लागले असते. थांबले नाहीत, आणि परतीची वाट पहिल्या स्नॅपआधीच, म्हणजे पहिला चेंडू खेळात येण्याआधीच, बंद झाली. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक 64 यार्डांची किक नाही, 1 सप्टेंबरची सही आहे.

चाळीस सेकंदांत काय काय व्हावं लागतं

आधीची खेळी संपली की प्ले-क्लॉकवर 40 सेकंद सुरू होतात. ते संपायच्या आत चेंडू स्नॅप झाला नाही तर पाच यार्डांची पेनल्टी. या चाळीस सेकंदांची विभागणी कशी होते हे कळल्याशिवाय डेन्व्हरचं आक्रमण का अडखळत होतं ते उमगत नाही.

पहिल्या पाच-सात सेकंदांत खेळी पुकारणाऱ्याला कोणते खेळाडू आत पाठवायचे ते सांगावं लागतं. दोन टाइट एंड हवेत की पास झेलणारे तीन रिसीव्हर, हे आधी कळलं तरच अदलाबदल वेळेत होते. लगेच खेळीचं नाव क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर जातं. हे नाव दहा-बारा शब्दांचंही असू शकतं, कारण रचना, ब्लॉकिंग, प्रत्येक रिसीव्हरची वाट, कधी पर्यायी खेळी, सगळं त्यात असतं. क्वार्टरबॅक हडलमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या घोळक्यात, ते जसंच्या तसं म्हणून दाखवतो आणि हडल मोडतो. प्ले-क्लॉकवर 15 सेकंद उरले की हेल्मेटमधला आवाज आपोआप बंद होतो. त्यानंतर बाहेरून काहीच सांगता येत नाही. उरलेल्या वेळात क्वार्टरबॅकने बचावाची मांडणी वाचायची, कोण कोणाला अडवणार ते पक्कं करायचं, गरज पडली तर खेळी बदलायची, एखाद्या रिसीव्हरला आडवं पळवून बचाव उघडा पाडायचा आणि चेंडू मागायचा.

हडल मोडताना घड्याळात अठरा-वीस सेकंद असले तर हे सगळं जमतं. सात-आठच असले तर वाचन होत नाही, बदल होत नाही, आणि घाईत स्नॅप होतो. समोरच्या बचावपटूंनाही घड्याळ दिसतं. शून्य जवळ आलं की चेंडू आता सुटणारच हे त्यांना पक्कं माहीत असतं आणि त्यांचा पहिला पाय आधी निघतो.

डेन्व्हरमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत खेळी उशिरा पोहोचत होती. हॅकेट एकाच वेळी खेळी निवडत होते, चौथ्या डाउनचे निर्णय घेत होते, टाइम-आउट सांभाळत होते. दुसऱ्या आठवड्यात ह्यूस्टन टेक्सन्सविरुद्ध घरच्या मैदानावर जे झालं ते डेन्व्हरचे चाहते विसरणार नाहीत. हजारो प्रेक्षक प्ले-क्लॉकचे शेवटचे आकडे मोठ्याने मोजू लागले. थट्टेचा भाग त्यात असेलही, पण आपल्या क्वार्टरबॅकला वेळ कळावा म्हणून चाललेली ती मदतही होती. अमेरिकन फुटबॉलमध्ये घरचं आक्रमण खेळत असताना प्रेक्षक गप्प बसतात, म्हणजे हडलमधला आवाज ऐकू येतो. त्या दिवशी गप्प बसणाऱ्यांनीच मोजणी हातात घेतली. डेन्व्हर 16-9 जिंकले, पण 13 पेनल्टी झाल्या, आणि उशीर झाकण्यासाठी टाइम-आउट एकामागून एक खर्ची पडले. उशिरा आलेल्या खेळीची किंमत अशीही चुकवावी लागते. पाच यार्ड वाचतात, पण सामन्याच्या शेवटी घड्याळ थांबवायला हातात काही उरत नाही.

तिसऱ्या सामन्याआधी संघाने जेरी रॉसबर्ग यांना बोलावलं. बॉल्टिमोरमध्ये अनेक वर्षं स्पेशल टीम्स (किकच्या खेळींचे गट) सांभाळून ते निवृत्त झाले होते. काम एकच दिलं, सामन्यातल्या निर्णयांत हॅकेट यांना सल्ला देणं. उपाय योग्य होता, फक्त तो फेब्रुवारीत व्हायला हवा होता. पहिल्यांदाच मुख्य प्रशिक्षक झालेला माणूस स्वतः खेळीही पुकारणार असेल, तर नियम आणि घड्याळ सांभाळणारा अनुभवी माणूस पहिल्या दिवसापासून हेडसेटवर असावा लागतो.

आणि हे सगळं उघड कधी पडायला हवं होतं? ऑगस्टमध्ये. प्री-सीझनचे तीन सामने असतात. त्यांचा निकाल कुठेच धरला जात नाही. त्यांचा उपयोगच हा, की खऱ्या घड्याळासमोर आणि खऱ्या गोंगाटात खेळी वरून खाली वेळेत उतरते का ते तपासता यावं. डेन्व्हरने दुखापतीच्या भीतीने मुख्य खेळाडूंना बसवून ठेवलं आणि विल्सन एकही स्नॅप खेळला नाही. जुना प्रशिक्षक आणि जुना क्वार्टरबॅक असेल तर हे चालून जातं. इथे प्रशिक्षक नवा, क्वार्टरबॅक नवा, खेळीची भाषा नवी. त्यामुळे पहिली तालीम सिअ‍ॅटलच्या गोंगाटात झाली.

दोन पद्धतींची मोट

हॅकेट ज्या परंपरेतून आले त्यात क्वार्टरबॅक चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या थेट मागे उभा राहतो. सगळी फळी एकाच दिशेला सरकते आणि धावपटू कडेने वाट शोधतो. बचाव तिकडे ओढला गेला की क्वार्टरबॅक चेंडू दिल्याचं नाटक करतो, क्षणभर बचावाकडे पाठ फिरवतो आणि उलट दिशेला वळून ठरलेल्या क्षणी मैदानाच्या मध्यभागी पास देतो. इथे सगळं वेळेवर चालतं. रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला असतो.

विल्सनचं सिअ‍ॅटलमधलं सामर्थ्य दुसरंच होतं. शॉटगनमध्ये मागे उभं राहून सगळं मैदान डोळ्यांसमोर ठेवायचं, कडेने उंच, लांब, अलगद उतरणारा चेंडू टाकायचा, आणि काहीच उघडं नसेल तर पळत राहून खेळी जिवंत ठेवायची. उंची पाच फूट अकरा इंच असल्याने फळीच्या डोक्यावरून मध्यभागी बघणं त्याला कधीच सोपं नव्हतं. तो मधल्या भागात कमी पास टाकतो हे सगळ्या लीगला ठाऊक होतं. चेंडू धरून ठेवण्याची किंमतही ठाऊक होती. 2013 ते 2020 अशा सलग आठ हंगामांत तो दरवर्षी 40 हून अधिक वेळा सॅक झाला होता, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला होता. पंचविशीत असे सॅक पळून भरून काढता येतात. 34 व्या वर्षी पाय तेवढे उचलत नाहीत, आणि पळून मिळणारे यार्ड आटले की चेंडू धरून ठेवण्याचा नुसता तोटाच उरतो.

या दोन पद्धतींतून एकच आक्रमण उभं करायचं तर एक निवडून दुसरी सोडावी लागते. डेन्व्हरने दोन्ही धरल्या. सेंटरमागून सुरू होणाऱ्या खेळी मधूनमधून यायच्या, पण त्यांना लागणारी धावण्याची धार चौथ्या आठवड्यात गेली, कारण रेडर्सविरुद्ध जॅव्हॉन्टे विल्यम्सच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. पुढच्याच सामन्यात क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीतला डावा टॅकल गॅरेट बोल्सचा पाय मोडला. रिसीव्हर टिम पॅट्रिक तर ऑगस्टमध्येच सरावात जायबंदी झाला होता. अशा वेळी चेंडू लवकर सोडणारे छोटे पास हाच आधार असतो, आणि विल्सनचा हात नेमका त्याच खेळात बसलेला नव्हता.

आकडे पाहा. विल्सन 15 सामने खेळला. 483 पैकी 292 पास पूर्ण, 3524 यार्ड, 16 टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये पोचवणारे पास), 11 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास), 55 सॅक. त्याआधीच्या दहा हंगामांत त्याचे टचडाउन पास 20 च्या खाली कधीच गेले नव्हते. डेन्व्हरने 17 सामन्यांत 287 गुण केले, सरासरी 16.9, बत्तीस संघांत सर्वांत कमी.

वाया गेलेला बचाव

मन खरं हळहळतं ते इथे. बचावाचे समन्वयक एजिरो एव्हेरो यांच्या बचावाने पहिल्या 12 सामन्यांत 204 गुण दिले, म्हणजे सामन्याला बरोबर 17. त्याच 12 सामन्यांत आक्रमणाने केले 166, सरासरी चौदाच्याही आत. या बारांपैकी आठ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला 17 किंवा त्याहून कमीवर रोखलं होतं. एनएफएलमध्ये असा बचाव लाभलेला संघ त्या आठांतले सहा-सात सामने सहज जिंकतो. डेन्व्हर तीन जिंकले. सिअ‍ॅटलशी 16-17, कोल्ट्सशी 9-12, जेट्सशी 9-16, टायटन्सशी 10-17 आणि रेव्हन्सशी 9-10, असे पाच गेले. पॅट्रिक सर्टेन ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवडला गेला आणि जस्टिन सिमन्सने सहा इंटरसेप्शन घेऊन लीगमध्ये बरोबरीने पहिलं स्थान मिळवलं. हे सगळं पाच विजयांच्या हंगामात.

कोल्ट्सविरुद्धचा 6 ऑक्टोबरचा सामना यातला सर्वांत शिकण्यासारखा आहे. दोन्ही संघांना मिळून एकही टचडाउन करता आला नाही. चौथ्या क्वार्टरच्या शेवटी डेन्व्हर 9-6 असे पुढे होते, चेंडू कोल्ट्सच्या 13 यार्डांच्या रेषेवर, तिसरा डाउन, चार यार्ड हवेत, घड्याळात सव्वादोन मिनिटांच्या आसपास. इथे धावणं हाच हिशेब आहे. चार यार्ड मिळाले तर सामना जवळपास संपला. नाही मिळाले तरी वेळ सरतो किंवा कोल्ट्सचा टाइम-आउट जातो, आणि मग सोप्या फील्ड गोलने आघाडी सहा गुणांची होते. म्हणजे कोल्ट्सला टचडाउनच लागतो, आणि तो त्यांना रात्रभर जमलेला नव्हता. डेन्व्हरने एंड झोनमध्ये पास टाकला आणि स्टीफन गिलमोरने तो पकडला. तीन गुणांची आघाडी तीनच राहिली. कोल्ट्स मैदानभर पुढे सरकले आणि शेवटच्या सेकंदांत फील्ड गोलने बरोबरी झाली.

जादा वेळेत कोल्ट्स 12-9 असे पुढे गेले. आता डेन्व्हर पाच यार्डांच्या रेषेवर, चौथा डाउन, एक यार्ड हवा. बरोबरीचा फील्ड गोल न मारता खेळण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण एक यार्ड हवा असताना शॉटगनमध्ये मागे उभं राहून कोर्टलंड सटनकडे चेंडू टाकला, आणि त्याच्यावर गिलमोरच होता. त्याच खेळीत के. जे. हॅमलर समोर जवळपास मोकळा पळत होता. विल्सनने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पास अडवला गेला, हॅमलरने हेल्मेट जमिनीवर आपटलं. जादा वेळ सुरू व्हायच्या आतच कितीतरी प्रेक्षक घरी निघून गेले होते.

पुढे याच साच्याची पुनरावृत्ती झाली. चार्जर्सविरुद्ध जादा वेळेत पंट (प्रतिस्पर्ध्याने लांब मारून दिलेला चेंडू) झेलताना गोंधळ झाला आणि 16-19 ने पराभव. लंडनला वेम्ब्लीवर जॅक्सनव्हिलला 21-17 हरवलं, पण दोनच दिवसांनी 3-5 असताना संघाने पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) ब्रॅडली चब मायामीला देऊन टाकला. एक फायदा झाला, पहिल्या फेरीची एक निवड परत हाती आली. 20 नोव्हेंबरला रेडर्सविरुद्ध हॅकेट यांनी खेळी पुकारण्याचं काम सहायक प्रशिक्षक क्लिंट कुबियाक यांच्याकडे सोपवलं. हॅकेट यांना मोकळीक मिळाली खरी, पण विल्सनला अर्ध्या हंगामात नवा आवाज ऐकायची सवय करावी लागली. शेवटी पुढे असताना टाकलेला पास अपूर्ण राहिला, घड्याळ थांबलं, रेडर्सनी तेवढ्या उसन्या वेळात बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्यांच्या रिसीव्हर डावांते अ‍ॅडम्सला कुणी धरू शकलं नाही. तीच चूक, कोल्ट्सनंतर सहा आठवड्यांनी. कॅरोलिनात बचाव फळीतला माइक पर्सेल बाजूच्या रेषेवर विल्सनवर ओरडताना कॅमेऱ्यात दिसला. बचावपटूंनी तोवर तोंड उघडलं नव्हतं हेच विशेष.

एकूण नऊ पराभव एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे होते. अशा सामन्यांत डेन्व्हरचा हिशेब चार विजय, नऊ पराभव. काही लोक याला नुसतं दुर्दैव म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे, कारण असे सामने वर्षानुवर्षं निम्मे-निम्मे होत राहतात. पण ज्या संघाचे टाइम-आउट आधीच संपतात, जो चुकीच्या वेळी घड्याळ थांबवतो, त्याच्या बाबतीत नाणं सरळ पडत नाही.

नाताळच्या दिवशी लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सनी 51-14 असं चिरडलं. विल्सनने तीन इंटरसेप्शन दिले. त्या दिवशी बचावही गळाला. बाजूच्या रेषेवर डेन्व्हरच्याच दोन खेळाडूंमध्ये जुंपली. दुसऱ्या दिवशी, 4-11 असताना, हॅकेट यांना काढलं. पहिलाच हंगाम पूर्ण न करता गेलेले मुख्य प्रशिक्षक एनएफएलमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. शेवटचे दोन सामने रॉसबर्ग यांनी सांभाळले. चीफ्सशी त्यांच्याच मैदानावर 24-27 अशी निकराची हार आणि चार्जर्सवर 31-28 असा विजय. तेच खेळाडू, तोच क्वार्टरबॅक, दोन सामन्यांत 55 गुण. दोन सामन्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, कारण चार्जर्सची प्लेऑफमधली जागा आधीच पक्की होती. तरी कॅन्सस सिटीतला खेळ खरा होता.

बिल

सिअ‍ॅटलला नवव्या क्रमांकावर टॅकल चार्ल्स क्रॉस मिळाला आणि चाळिसाव्यावर बोये माफे. डेन्व्हर हरत गेलं तशी त्यांची 2023 ची निवड वर सरकत पाचव्या क्रमांकावर गेली, आणि त्यातून डेव्हन विदरस्पून आला. म्हणजे प्रत्येक पराभव डेन्व्हरला दोनदा लागला. विल्सनच्या जागी खेळलेल्या जीनो स्मिथने सिअ‍ॅटलला त्याच वर्षी 9-8 करून प्लेऑफमध्ये नेलं.

चबच्या बदल्यात आलेली पहिल्या फेरीची निवडही डेन्व्हरला ड्राफ्टमध्ये वापरता आली नाही. प्रशिक्षक शॉन पेटन यांचे हक्क न्यू ऑर्लिन्सकडे होते, ते मिळवायला ती द्यावी लागली, वर 2024 ची दुसऱ्या फेरीची निवडही. पेटन आल्यावर विल्सनच्या खाजगी प्रशिक्षकाला संघाच्या इमारतीत मिळणारी मुभा बंद झाली. 2023 मध्ये विल्सनचे टचडाउन 26 वर गेले आणि इंटरसेप्शन आठवर आले, तरी दोन सामने उरले असताना त्याला बसवलं. कारण करारात होतं. मार्च 2024 मध्ये तो संघात असता, तर 2025 च्या पगारातले 3.7 कोटी डॉलर आपोआप हमीचे झाले असते, आणि तोवर त्याला गंभीर दुखापत झाली असती तरी ते द्यावे लागले असते.

त्याला सोडल्यावर सॅलरी कॅपवर, म्हणजे संघाच्या पगारखर्चाच्या मर्यादेवर, 8.5 कोटी डॉलरचा मृत भार पडला, म्हणजे संघात नसलेल्या खेळाडूपोटी मोजली जाणारी रक्कम. लीगच्या इतिहासातला आधीचा विक्रम मॅट रायनच्या नावावर होता, सुमारे चार कोटींचा. डेन्व्हरने तो दोन वर्षांत विभागला, 2024 मध्ये सुमारे 5.3 कोटी आणि 2025 मध्ये 3.2 कोटी. 2024 ची संघाची कॅप होती 25.54 कोटी, म्हणजे पाचवा हिस्सा मैदानात नसलेल्या माणसावर. त्याच वर्षी बाराव्या क्रमांकावर घेतलेल्या बो निक्सने, नवख्याच्या स्वस्त करारावर खेळत, संघाला 10-7 करून नऊ वर्षांनी प्लेऑफमध्ये नेलं. विल्सन तोवर पिट्सबर्गकडून किमान पगारावर खेळत होता. उरलेले कोट्यवधी डॉलर डेन्व्हर भरत होतं.